कमला सोहोनी : कथा नकाराची की कामाची?

चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला केळे कापून ठेवले की काळवंडते, हे कोणी शिकवावे लागत नाही. वांगे चिरले की गृहिणी ते लगेच पाण्यात टाकते, बटाट्याच्या फोडी उघड्यावर राहिल्या की तपकिरी होतात, हाही नित्याचाच अनुभव. या काळवंडण्यामागे हवेतील प्राणवायू असतो आणि त्या प्राणवायूची फळातील फिनॉल वर्गाच्या द्रव्यांशी गाठ घालून देणारे एक प्रथिनही असते. त्याला फिनोलेज म्हणतात. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या अशा प्रथिनांना आपली पाठ्यपुस्तके विकर म्हणतात. बोलण्यात एन्झाइम हाच शब्द रूढ झाला आहे. प्राण्यांच्या ऊतींतील फिनोलेज आणि अॅड्रेनलिन हे संप्रेरक यांच्या संबंधाचा विचार करणारा एक निबंध १९३८ साली इंग्लंडमधील बायोकेमिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते डेरेक रिख्टर आणि दुसरी होती कमला भागवत नावाची मराठी तरुणी.

याच कमला भागवत पुढे कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्राला परिचित झाल्या. परिचित झाल्या असे म्हणताना मात्र थोडे थांबावेसे वाटते. विज्ञान दिन आला, महिला दिन आला की शाळा-महाविद्यालयांतील भाषणांतून त्यांचे नाव हमखास निघते, आणि प्रत्येक वेळी एकच प्रसंग सांगितला जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला, त्यांनी हार मानली नाही, आणि अखेर त्या जिंकल्या. प्रसंग खरा आहे आणि तो सांगितलाही पाहिजे. परंतु भाषण संपल्यावर एखाद्या विद्यार्थिनीने उठून, या बाईंनी नेमके काय शोधून काढले, असे विचारले, तर व्यासपीठावरील बहुतेकांची पंचाईत होईल. ज्या बाईंना त्यांच्या कामावरून जोखावे, एवढेच हवे होते, त्यांची ओळख आपण इतरांनी केलेल्या नकारावरून करून देतो. हा त्यांच्यावर होणारा दुसरा अन्याय होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडून निमाडात उतरावे आणि तेथून माळव्यात चढावे, म्हणजे हे होळकरांचे मराठी वळणाचे शहर लागते. वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटांच्या संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, आरंभीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांपैकी. थोरली बहीण दुर्गा हिने पुढे लोकसाहित्य आणि ललित लेखन यांत आपले स्थान निर्माण केले आणि आणीबाणीच्या काळात निर्भय वाणीने महाराष्ट्राला जागे केले. एकाच घरातील एक मुलगी शब्दांकडे वळली, तर दुसरी पदार्थांकडे. मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांतील पदवी कमलाबाईंनी १९३३ साली प्रथम क्रमांकाने मिळविली, आणि वडील व चुलते जेथे शिकले तेथेच पुढील संशोधन करावे, या स्वाभाविक इच्छेने त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

गुणांच्या दृष्टीने त्या अर्जात काहीही उणे नव्हते. तरीही संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी तो फेटाळला. नोबेल पारितोषिक मिळवून तीन वर्षेच झालेली, कीर्तीच्या शिखरावर असलेली ही व्यक्ती. तिच्या शब्दापुढे वडिलांची आणि चुलत्यांची रदबदलीही चालली नाही. कमलाबाईंनी मात्र तो निर्णय मान्य केला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि आपले म्हणणे त्यांनी लावून धरले. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, मग ती रात्र का असेना, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशी ताकीदही होती. यातील शेवटची अट आज वाचतानाही मन विषण्ण होते. इतरांच्या वर्तनाची जबाबदारी ज्यात एका मुलीच्या शिरावर टाकलेली आहे, अशी ती अट होती.

या वर्षभरात कमलाबाईंनी काय केले? त्यांनी काम केले. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण शिकविण्याची ओढ असलेले गुरू होते. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित संशोधनाची अनुमती मिळाली, आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत पुढील काही वर्षांत ललिता दोराईस्वामी, सुनंदाबाई आणि अॅना मणी यांनी काम केले. मोठ्या माणसाने आपले मत बदलले, ही गोष्ट त्याच्या खात्यावर जमा धरावी हे खरे. परंतु मुलाला जे पहिल्या दिवशी मिळत होते, ते मिळविण्यासाठी मुलीला वर्षभर परीक्षा द्यावी लागली, ही नोंदही त्याच पानावर राहिली पाहिजे. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी कमलाबाईंनी विशेष प्राविण्यासह मिळविली आणि १९३७ साली शिष्यवृत्तीच्या आधारावर त्या केंब्रिजला गेल्या.

केंब्रिजमधील जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या वेळी सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या छत्राखाली होती. जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळविणारे हे गृहस्थ माणसे निवडताना स्त्री-पुरुष असा भेद करीत नसत. मार्जरी स्टिफन्सन, डोरोथी नीडहॅम यांच्यासारख्या विदुषी तेथे काम करीत होत्या. हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडावे लागलेले संशोधकही केंब्रिजच्या आश्रयाला आले होते. हर्मान ब्लाश्को हे त्यांपैकी एक. पण याचा अर्थ केंब्रिज म्हणजे समतेचे नंदनवन होते असा नव्हे. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि सदस्यत्व दिले ते १९४८ साली. तोवर त्यांना पदवीचे केवळ नाव मिळे, विद्यापीठाच्या कारभारात स्थान मिळत नसे. बंगळूरचे दार बंद होते, तर केंब्रिजचे अर्धेच उघडे होते. फरक एवढाच की, हॉपकिन्स यांच्या खोलीत गेल्यावर तेथे फक्त कामाविषयी विचारणा होई.

ते काम समजून घ्यायचे, तर विकर शुद्ध करणे म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. विकरे ही काही गूढ प्राणशक्ती नसून रीतसर स्फटिकरूपात मिळणारी प्रथिने आहेत, हे तेव्हा नुकतेच सिद्ध होत होते. अमेरिकेत जेम्स समनर यांनी १९२६ साली युरिएज हे विकर स्फटिकरूपात मिळविले, तेव्हा अनेक नामांकितांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९३० साली जॉन नॉर्थ्रप यांनी जठरातील पेप्सिनचे स्फटिक मिळविले आणि पाठोपाठ कुनिट्झ यांच्या साहाय्याने स्वादुपिंडातील ट्रिप्सिनचे. तेव्हा कोठे शंका मिटल्या. समनर व नॉर्थ्रप यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

प्राण्याच्या ऊतीतून विकर वेगळे काढणे हे काम धान्य पाखडण्यासारखे आहे. फरक असा की, येथे दाणा कोणता आणि कोंडा कोणता हे डोळ्यांना दिसत नाही. ताजे यकृत बर्फावर ठेवून आणतात, कारण ऊब लागली की विकर नासते. ते बारीक वाटून क्षारयुक्त पाण्यात कालवितात, फडक्यातून पिळून घेतात, आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवितात. वर राहिलेल्या द्रावात शेकडो प्रथिने असतात. त्यात अमोनियम सल्फेटसारखा क्षार हळूहळू मिसळला की निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या टप्प्यांवर खाली बसतात. प्रत्येक टप्प्यावर संशोधकाला विचारावे लागते की, मला हवे असलेले विकर आता कोठे आहे? गाळात की द्रावात? आणि याचे उत्तर एकाच मार्गाने मिळते. ते विकर जी क्रिया घडविते, ती मोजायची. प्राणवायू वापरणारे विकर असेल तर काचेच्या छोट्या भांड्याला दाबमापक जोडून, ठरावीक मिनिटांत किती प्राणवायू शोषला गेला, हे पाहायचे.

येथे कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या वाचकाला सहज उमगेल अशी एक गोष्ट आहे. विकराची शुद्धी म्हणजे दोन रकान्यांची खातेवही. एका रकान्यात क्रियेचे एकूण माप, दुसऱ्यात प्रथिनाचे एकूण वजन. समजा, आरंभी दोन्ही शंभर भाग होते. एका टप्प्यानंतर क्रियेचे माप ऐंशीवर आले, आणि प्रथिन वीसवर. म्हणजे वीस भाग विकर हातचे गेले, परंतु उरलेला माल चौपट शुद्ध झाला. पुढील टप्प्यात आणखी काही जाईल आणि शुद्धता आणखी वाढेल. काहीही न गमावता शुद्धी होत नाही. किती गमावले हे लिहून ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते. आणि ज्याची एक ओळ खोटी, त्याची पुढची सगळी वही खोटी. नंतर येते विकराची पारख. ते कोणत्या द्रव्यांवर चालते आणि कोणत्यांवर नाही, किती आम्लता त्याला मानवते, किती उष्णतेला ते नासते, कोणत्या विषाने ते थांबते, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्याची जात ठरते.

रिख्टर यांच्या हाताखाली कमलाबाईंनी असे काम केले. यकृतात टायरामीन या द्रव्याचे प्राणवायूच्या साहाय्याने विघटन करणारे विकर मेरी हेअर यांनी केंब्रिजमध्येच १९२८ साली शोधून काढले होते. पुढे ब्लाश्को, रिख्टर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, अॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांवरही तेच विकर चालते. त्याला अमाइन ऑक्सिडेज असे नाव मिळाले. याच नावाचा निबंध १९३९ साली भागवत, ब्लाश्को आणि रिख्टर या तिघांच्या नावे बायोकेमिकल जर्नलमध्ये छापून आला. या विकराची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेशींच्या श्वसनातील मुख्य विकर सायनाइडने तत्काळ बंद पडते. अमाइन ऑक्सिडेजवर मात्र सायनाइडचा परिणाम होत नाही. दोन विकरे एकाच वाटलेल्या यकृतात असली, तरी अशा खुणांवरून ती निराळी ओळखता येतात. मात्र अमाइन ऑक्सिडेज पेशीतील तंतुकणिकांच्या आवरणाला घट्ट चिकटलेले असल्याने ते द्रावात मोकळे करून शुद्ध करणे अनेक दशके संशोधकांना जड गेले. मानवी विकराच्या एका प्रकाराची संपूर्ण त्रिमितीय रचना उलगडली ती २००२ साली.

१९३९ साली हे काम केवळ ज्ञानापुरते होते. पुढे त्याला अनपेक्षित फळ आले. क्षयरोगावर वापरल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिड या औषधाने रोग्यांची मनःस्थितीही पालटते असे दिसून आले, आणि ते औषध याच अमाइन ऑक्सिडेजला रोखते हे १९५२ साली कळले. त्यातून १९५७ च्या सुमारास नैराश्यावरील पहिल्या औषधांचा एक वर्ग जन्माला आला. पुढे अशी औषधे घेणाऱ्यांना जुने चीज खाल्ल्यावर रक्तदाब एकाएकी वाढण्याचा धोका असतो, हेही १९६३ साली ध्यानात आले. कारण चीजमधील टायरामीनचा निकाल लावणारे विकरच औषधाने बंद केलेले असते. आपल्या भागाशी याचा एक धागा आहे. केळ्यात सेरोटोनिन आणि त्याच वर्गातील इतर द्रव्ये असतात, असे १९५८ साली आढळून आले. आपण निश्चिंतपणे केळी खातो, त्याचे श्रेय आतड्यात आणि यकृतात जागता पहारा देणाऱ्या याच विकराकडे जाते.

रिख्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या आणि प्राण्यांकडून वनस्पतींकडे वळल्या. येथे त्यांच्याविषयी नेहमी केले जाणारे एक विधान थोडे दुरुस्त करून घेणे इष्ट आहे. वनस्पतींत सायटोक्रोम त्यांनीच प्रथम शोधले, असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः सायटोक्रोम हे श्वसनरंजक प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती या तिन्हींत आढळते, असे डेव्हिड कीलिन यांनी १९२५ सालीच प्रसिद्ध केले होते. खरा अवघड प्रश्न पुढचा होता. प्राण्यांच्या पेशीत सायटोक्रोमकडून प्राणवायूपर्यंत शेवटचा दुवा जोडणारे विकर, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज, वनस्पतींतही तेच काम करते काय? बटाट्यासारख्या ऊतीत याचे उत्तर काढणे सोपे नव्हते, कारण बटाटा वाटला की लगेच काळा पडतो. फिनोलेज तेथेही प्राणवायू खाते, आणि मोजमापात कोणाचा वाटा किती हे कळेनासे होते. वनस्पतींच्या श्वसनाचे मुख्य विकर फिनोलेजच असावे, असे मानणारा एक पक्षही त्या काळी होता. सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे, असे दाखविणारे हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ साली नेचर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या फिनोलेजवर हात बसलेली संशोधिका बटाट्याच्या या कामाला लाभली, हा योग साधा नव्हता. माणूस, गाय, बटाटा आणि केळ यांच्या पेशी एकाच रीतीने श्वास घेतात, या आज शाळेत शिकविल्या जाणाऱ्या सत्याच्या पायात एक दगड या मराठी तरुणीच्या हातचा आहे. जे खरोखर केले तेच एवढे मोलाचे असताना, न केलेले त्यांच्या नावावर चढविण्याचे कारण नाही.

या कामावरील कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असा त्यांचा गौरव केला जातो. जानकी अम्मल यांना १९३१ साली मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली होती, हेही त्याच वेळी सांगणे न्याय्य ठरेल. क्रमांक कोणताही असो, चाळीस पानांत मावेल एवढेच आणि सिद्ध करता येईल एवढेच लिहिणे, हा गुण क्रमांकापेक्षा मोठा आहे.

त्या मायदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक, अशी पदे त्यांनी सांभाळली. १९४७ साली मा. वि. सोहोनी या विमागणितज्ञांशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. केंब्रिजमधील साधने येथे नव्हती. पण प्रश्न मात्र चुलीपाशी होते, आणि कमलाबाईंनी ते तेथूनच उचलले.

गरिबाच्या ताटातील प्रथिन म्हणजे कडधान्य. खानदेशात कळण्याच्या भाकरीत ज्वारीला उडदाची जोड मिळते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली. परंतु कडधान्यात प्रथिन असणे निराळे, आणि ते अंगी लागणे निराळे. स्वादुपिंडातून आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते, तेव्हाच ती पचतात; आणि कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारी प्रथिने असतात. ज्या बाईंनी केंब्रिजमध्ये प्राण्यांची विकरे हाताळली, त्यांनी आता विकराच्या वाटेतील अडथळे शोधावयास घेतले. भारतीय भाज्या आणि कडधान्ये यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्यांची त्यांनी विद्यार्थ्यांसह पाहणी केली. १९५५ साली सोहोनी आणि अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले. कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील रोधक स्फटिकरूपात मिळविला, त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. येथेही तीच दोन रकान्यांची वही होती. फक्त क्रियेच्या जागी, क्रिया किती रोखली गेली, हे मोजायचे होते. वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि नीट शिजवून बिरडे करणारी गृहिणी किती शहाणपणाने वागते, याचा रासायनिक पुरावा या कामाच्या दिशेने मिळतो. कारण असे रोधक बव्हंशी उष्णतेने निकामी होतात.

दुसरे काम नीरेचे. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे संशोधन हाती घेतले. न आंबलेल्या ताडरसात जीवनसत्त्वे आणि लोह किती आहे, तो आटवून गूळ केला तर त्यातील किती टिकते, याची मोजमापे त्यांनी केली. आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात त्याची जोड दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. चोपडा तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत पावरा, भिल्ल, तडवी यांच्या वस्त्या आहेत. कुपोषण हा शब्द तेथे अपरिचित नाही. पुरस्कार राजधानीत दिला गेला. मात्र त्यामागील ज्ञान डोंगरातील पाड्यावर किती पोचले, हा प्रश्न कमलाबाईंचा नव्हे, तो आपला आहे.

ज्या संस्थेत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, तिचे संचालकपद त्यांना मिळाले, पण त्यांचा हक्क असतानाही चार वर्षे उशिरा. बंगळूरला एक वर्ष आणि मुंबईला चार. नकाराची रीत बदलली होती, इतकेच. आरे दुग्ध योजनेला दुधाच्या प्रतीबाबत त्यांनी सल्ला दिला. निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत त्यांनी मनापासून काम केले, १९८२-८३ मध्ये त्या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले, आणि तिच्या कीमत या नियतकालिकातून सामान्य ग्राहकाला कळेल अशा भाषेत लिहिले. यकृतातील विकर असो की बाजारातील जिन्नस, त्यात नेमके काय आहे ते तपासून सांगायचे, हा त्यांचा एकच धर्म होता. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. कमलाबाईंची कथा नकाराची आहे की कामाची? नकार विसरावा असे कोणी म्हणणार नाही. संस्थांनीही आपली खातेवही ठेवावी. दारापर्यंत किती मुली आल्या, किती आत घेतल्या, आणि मधल्या टप्प्यांवर किती गमावल्या, हे त्यात प्रामाणिकपणे लिहावे. आजही दहावीनंतर, बारावीनंतर, लग्न ठरल्यानंतर जी गळती होते, ती कोणत्याच रकान्यात दाखविली जात नाही. पण केवळ नकाराची कथा ऐकून मुलगी शास्त्रज्ञ होत नाही. तिला चीड येईल, स्फूर्तीही येईल. हात मात्र कोरडेच राहतील. जिद्द सांगितली आणि विषय सांगितला नाही, तर आपण तिला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल.

शिक्षकांनी या वर्षी भाषणाऐवजी एक प्रयोग करून पाहावा. औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड चार परीक्षानळ्यांत थोडे थोडे घ्यावे. एकीत बोकडाच्या कच्च्या काळजाचा कण टाकावा, दुसरीत उकळलेल्या काळजाचा; तिसरीत कच्च्या बटाट्याचा, चौथीत उकडलेल्याचा. कच्च्या ऊतींच्या नळ्यांत फेस उसळेल, शिजलेल्यांच्या नळ्यांत उसळणार नाही. हे कॅटालेज नावाच्या दुसऱ्या एका विकराचे काम आहे. पण प्राणी आणि वनस्पती यांच्यातील नाते, आणि उष्णतेने नासणारे विकर, या दोन्ही गोष्टी मुलांना डोळ्यांनी दिसतील. मग फेसाची उंची मोजपट्टीने मोजून वहीत लिहावयास सांगावी, आणि आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तरी तो न खोडता तसाच ठेवावयास सांगावे. त्यानंतर, या वाटेने आपल्या आधी कोण गेले होते, हे सांगावे. त्या क्षणी कमला सोहोनी हे नाव चोपड्यातील एखाद्या विद्यार्थिनीला भिंतीवरील तसबिरीसारखे वाटणार नाही; त्याच टेबलापाशी आपल्या आधी बसून गेलेल्या कोणाचे तरी वाटेल.